कोअर शॉपमधला अमाईनचा वास आणि संध्याकाळी दिसणारं निळं धुकं

तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत सांगतो. तुम्ही डिप्लोमा करून भोसरीला एका फाउंड्रीत कोअर शॉपला लागलाय (ओतकामात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचे वाळूचे कोअर बनवतात तिथं), कोल्ड बॉक्सची म्हणजे अमाईनच्या वाफेनं कोअर घट्ट करणारी दोन मशिनं आहेत, दिवसभर कुजलेल्या माशासारखा वास येतो, सेकंड शिफ्टला अंधार पडायला लागला की ट्यूबलाईटभोवती निळसर कडं दिसतं आणि सगळं धुरकट वाटतं, सुपरवायझर म्हणतो वासानं कोणी मरत नाही सवय होईल, अमाईनचा ड्रम मशिनच्या मागेच उभा असतो, आणि घरी आई म्हणते कपड्यांना कसला वास येतो. आणि तुम्हाला विचारायचंय की हे खरंच धोक्याचं आहे का नुसतं घाण वासाचं प्रकरण आहे.

मी बरीच वर्षं कोअर शॉपला होतो, नंतर त्याच लाईनमध्ये सेफ्टीकडे आलो, चाकण-भोसरी पट्ट्यातल्या बऱ्याच फाउंड्र्या आतून पाहिल्यात. त्यामुळे सरळ सांगतो. वास हा तुमचा प्रश्नच नाहीये. यात तीन वेगवेगळे प्रश्न एकात एक अडकलेत: आग, डोळे, आणि तो वास नेमका कुठून गळतोय. सुपरवायझर आणि तुम्ही दोघंही नाकावर भांडताय आणि या केमिकलच्या बाबतीत नाक हे सगळ्यात बेभरवशाचं मीटर आहे.

आधी एक गोष्ट. तुम्ही अमाईन म्हणालात पण कोणतं ते लिहिलं नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ट्रायइथाइल अमाईन असतं, सगळे टीईए म्हणतात. काही ठिकाणी डीएमईए म्हणजे डायमिथाइल इथाइल अमाईन असतं, काही ठिकाणी डीएमआयपीए म्हणजे डायमिथाइल आयसोप्रोपाइल अमाईन. ड्रमवरचं लेबल बघा. बहुतेक ठिकाणी असतं म्हणून टीईएच असावं असं धरून पुढचं लिहितोय, पण डीएमईए असेल तर आगीच्या बाबतीत मी जे सांगतोय ते आणखी कडक समजा, कारण त्याचा उकळबिंदूच ३६-३७ डिग्री आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला डीएमईएचा ड्रम म्हणजे ऑलमोस्ट उकळायला आलेला ड्रम. टीईए ८९ डिग्रीला उकळतं, त्यातल्या त्यात शांत. त्यातल्या त्यातच.

आता प्रोसेस समजून घ्या, कारण अर्धी उत्तरं तिथंच आहेत. वाळूत दोन रेझिन मिसळतात, पार्ट वन फिनॉलिक आणि पार्ट टू आयसोसायनेट, ते शूटरनं कोअर बॉक्समध्ये मारतात, मग कोरड्या हवेबरोबर अमाईनची वाफ काही सेकंद सोडतात आणि कोअर जागेवर घट्ट होतो, मग नुसत्या हवेनं पर्ज करून उरलेली वाफ स्क्रबरकडे, म्हणजे ती ॲसिडनं धुऊन काढणाऱ्या टॉवरकडे, ढकलतात. यात अमाईन हे कॅटॅलिस्ट आहे. म्हणजे ते खर्च होत नाही, रिॲक्शन करून देतं आणि जसंच्या तसं बाहेर पडतं. हे एक वाक्य डोक्यात ठेवा, कारण याचा अर्थ असा की जेवढं अमाईन तुम्ही आत सोडलं तेवढं सगळंच्या सगळं कुठंतरी जायलाच पाहिजे. एकतर स्क्रबरमध्ये, नाहीतर कोअरमध्ये अडकून रॅकवर, नाहीतर तुमच्या छातीत आणि डोळ्यात. चौथी जागा नाही.

म्हणून कोअर मऊ निघाला की ऑपरेटर गॅसिंगचं सेटिंग वाढवतात ना, ते बहुतेक वेळा फुकट जातं. कोपऱ्यात कोअर कच्चा राहतो तो अमाईन कमी पडलं म्हणून क्वचितच, तिथले व्हेंट म्हणजे हवा-वाफ जायची भोकं चोक झालेली असतात म्हणून वाफ तिथपर्यंत पोचतच नाही. व्हेंट साफ करायला अर्धा तास मशिन थांबवावं लागतं आणि सेटिंग वाढवायला दोन सेकंद लागतात, त्यामुळे सगळे सेटिंग वाढवतात आणि जास्तीचं अमाईन शेडमध्ये येतं. दुसरा प्रकार पर्ज टाइम कापायचा. महिनाअखेरीला टार्गेट डोक्यावर असलं की सायकल टाइममधून पहिला बळी पर्जचा जातो, मग कोअर बॉक्स उघडल्या उघडल्या वाफ ऑपरेटरच्या तोंडावर आणि राहिलेली रॅकवर. तुमच्याकडे वास मशिनजवळ जास्त आहे का कोअर रॅकजवळ, हे एकदा बघा. रॅकजवळ जास्त असेल तर पर्ज कमी पडतोय हे जवळजवळ नक्की. मशिनजवळ असेल तर कोअर बॉक्सचं सील गेलंय किंवा एक्झॉस्टची ओढ कमी आहे. बाहेर गेटपाशी, शेजारच्या कंपनीत वास जात असेल तर स्क्रबर.

आता डोळे. हे मी आगीच्या आधी घेतोय कारण तुमच्या बाबतीत हे आजच चालू आहे.

ते निळं धुकं तुमच्या मनाचा खेळ नाही आणि चष्म्याचा नंबरही नाही. टीईएची वाफ लागली की डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याला, कॉर्नियाला, किंचित सूज येते, त्यात पाणी धरतं, आणि मग लाईटभोवती कडी दिसतात, सगळं निळसर-करडं धुकं पसरल्यासारखं दिसतं. अमाईनवर काम करणाऱ्यांमध्ये हा जुना आणि जगभर माहीत असलेला प्रकार आहे. एक्स्पोजर थांबलं की साधारण काही तासांत जातं, सकाळी उठल्यावर साफ दिसतं, म्हणून लोक मनावर घेत नाहीत. गंमत म्हणजे दुखत नाही. डोळे चुरचुरले असते तर माणूस बाहेर पळाला असता, पण हे हळूच चढतं, दुपारी तीनला लागलेल्या माणसाला सात-साडेसातला कळतं आणि तेव्हा अंधारही पडलेला असतो म्हणून जास्त जाणवतं.

मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. तुमची शिफ्ट सुटते रात्री अकराच्या सुमाराला, त्यानंतर तुम्ही बाईक काढून नाशिक हायवेला लागता, समोरून कंटेनरचे हेडलाईट, आणि प्रत्येक हेडलाईटभोवती तुम्हाला फूटभर कडं दिसतंय. ते कडं दिसत असताना गाडी चालवायची नाही, बास. कोणाच्या तरी मागे बसून जा, कंपनीच्या बसनं जा, नाहीतर कडं जाईपर्यंत बाहेर मोकळ्या हवेत बसा. रस्त्यावर काही झालं तर त्याची नोंद रोड ॲक्सिडेंट म्हणून होणार, कोअर शॉपचं नाव कुठल्याच कागदावर येणार नाही, आणि म्हणूनच कंपन्यांना हा धोका दिसत नाही. तीच गोष्ट आत क्रेन चालवणाऱ्याची, फोर्कलिफ्टवाल्याची आणि वितळलेल्या धातूच्या लॅडलजवळच्या माणसाची. कोअर शॉपचा माणूस बदली म्हणून पोअरिंगला पाठवतात ना कधीकधी, त्याला आधी विचारायचं, लाईट कसा दिसतोय.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा नुसतं "डोळ्यासमोर धुकं येतं" म्हणू नका. "ट्रायइथाइल अमाईनच्या वाफेत काम करतो, शिफ्टच्या शेवटी लाईटभोवती कडं दिसतं, सकाळपर्यंत जातं" असं सांगा आणि जमलं तर एमएसडीएसची, म्हणजे केमिकलबरोबर येणाऱ्या सुरक्षेच्या माहितीपत्रकाची, कॉपी न्या. बऱ्याच जनरल डॉक्टरांनी हा प्रकार पाहिलेला नसतो, ते ड्रॉप देऊन पाठवतात. डोळ्यांच्या डॉक्टरला लक्षण दिसत असतानाच दाखवता आलं तर बेस्ट, सकाळी गेलात तर त्याला काहीच सापडणार नाही. आणि एका वहीत तारीख, शिफ्ट, कोणतं मशिन आणि किती वाजता धुकं दिसायला लागलं एवढं लिहायला लागा, तुमच्याबरोबरच्या पोरांनाही लिहायला सांगा. पुढे ही वहीच कामाला येते, कसं ते सांगतो. लेन्स घालून कोअर शॉपला जात असाल तर बंद करा.

मर्यादेचा आकडा विचाराल तर अमेरिकेतल्या एसीजीआयएच या औद्योगिक आरोग्य तज्ज्ञांच्या संस्थेनं टीईएसाठी आठ तासांची सरासरी ०.५ पीपीएम (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) आणि थोड्या वेळासाठी १ पीपीएम सुचवलीय, ती डोळ्यांचाच विचार करून. तिथल्याच ओशाचा, म्हणजे कामगार सुरक्षेच्या सरकारी खात्याचा, कायद्याचा जुना आकडा २५ पीपीएम आहे, त्यामुळे कोणी तुम्हाला "आपण लिमिटच्या खूप खाली आहोत" म्हणालं तर कुठलं लिमिट ते विचारा. आणि २०० पीपीएम म्हणजे लगेच जीवाला धोका असं धरतात.

आता १ पीपीएम म्हणजे किती ते बघा, हा हिशोब मी नवीन पोरांना कागदावर करायला लावतो. एक लिटर टीईए पूर्ण उडालं तर साधारण १७५ लिटर वाफ होते. म्हणजे १०० मिली, अर्धा पेला म्हणा, सांडलं आणि उडून गेलं तर साडेसतरा लिटर वाफ. ५० मीटर लांब, ३५ मीटर रुंद, १० मीटर उंच शेड घ्या, त्यातली सगळी हवा १ पीपीएमला न्यायला एवढी वाफ पुरते. अर्धा पेला! आणि प्रत्यक्षात ती शेडभर सारखी पसरत नाही, जिथं सांडलं तिथल्या माणसाला त्याच्या कितीतरी पट मिळते. ड्रम बदलताना होजमधून जे गळतं आणि "उडून जाईल" म्हणून सोडून देतात ते एवढं महाग पडतं.

नाकाचं काय होतं तर टीईएचा वास एक पीपीएमच्याही खाली कळायला लागतो, म्हणून पहिल्या दिवशी तुम्हाला गेटपासून वास आला असेल. पण नाक मरतं. तासाभरात तिथल्या माणसाला काही कळत नाही आणि कमी-जास्त तर अजिबात कळत नाही. वास येतोय म्हणजे आहे, एवढंच. वास येत नाही याचा अर्थ काहीच लागत नाही. म्हणून मी राऊंडला जाताना आधी बाहेर दहा मिनिटं थांबून मग आत जायचो, आणि कधीकधी मटेरियल घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याला विचारायचो, दादा वास येतो का, कुठं जास्त येतो. त्याचं नाक ताजं असतं.

आता मीटरची गोष्ट, कारण यात शिकलेली माणसंही फसतात. बऱ्याच ठिकाणी सेफ्टीवाला एलईएल मीटर घेऊन येतो, शून्य दाखवतो आणि सर्टिफिकेट देऊन जातो. एलईएल मीटर हे आगीसाठी आहे. टीईएची पेट घ्यायची खालची मर्यादा हवेत १.२ टक्के, म्हणजे १२,००० पीपीएम. मीटर त्याचे शंभर भाग करून दाखवतो, म्हणजे मीटरवरचा एक टक्का म्हणजे १२० पीपीएम. बहुतेक मीटरचा पहिला अलार्म १० टक्क्याला लावलेला असतो, तो वाजेपर्यंत १,२०० पीपीएम झालेलं असतं आणि जीवाला धोका २०० ला आहे. शिवाय तो मीटर बहुतेक वेळा मिथेनवर कॅलिब्रेट केलेला असतो, अमाईनला रीडिंग वेगळं येतं. त्यामुळे शून्य दिसत असताना तुमच्या डोळ्यांची वाट लागलेली असू शकते. आरोग्यासाठी मोजायचं तर पीआयडी मीटर (थोड्या पीपीएममधली वाफही मोजणारा) किंवा अमाईनच्या रंग बदलणाऱ्या डिटेक्टर ट्यूब लागतात. ट्यूब फार महाग नसतात, हातपंपानं हवा ओढायची, रंग कुठपर्यंत चढला ते वाचायचं. ऑपरेटरच्या तोंडाच्या उंचीला, बॉक्स उघडायच्या क्षणी एक, आणि रॅकजवळ एक. एवढ्यात बरंचसं चित्र कळतं.

आग. टीईएचा फ्लॅश पॉइंट शून्याच्याही खाली आहे, उणे ७ ते उणे ११ च्या आसपास वेगवेगळ्या एमएसडीएसमध्ये सापडेल. म्हणजे पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटेसुद्धा सांडलेल्या टीईएवर पेट घेईल एवढी वाफ असतेच. वाफ हवेच्या साडेतीन पट जड. ती वर जात नाही, खाली बसते, जमिनीलगत सरकत जाते, केबल ट्रेंचमध्ये उतरते, मशिनच्या पिटमध्ये म्हणजे खालच्या खड्ड्यात साठते. छताला लावलेला टर्बो व्हेंटिलेटर फिरतोय म्हणून समाधान मानू नका, ओढ खालून पाहिजे. परत तोच हिशोब, एक लिटर सांडून सगळं उडालं तर ८ बाय ८ बाय ८ फुटाची अख्खी खोली पेटण्याइतकी भरते. मशिनचा पिट तेवढाच असतो साधारण.

आणि फाउंड्रीत ठिणगी शोधायला जावं लागत नाही. लॅडल प्रीहीटरचा बर्नर आहे, ग्राइंडिंग आहे, मेंटेनन्सवाल्याचं वेल्डिंग आहे. आणि एक गोष्ट जी बाहेरच्या ऑडिटरला सुचत नाही: कोअरला स्पिरिटचा वॉश म्हणजे लेप मारून तो पेटवून सुकवतात, तेही बऱ्याच ठिकाणी कोअर शॉपमध्येच, शूटरपासून दहा-पंधरा फुटांवर. अमाईनचा ड्रम आणि उघडी ज्योत एकाच छपराखाली आणि दोन्ही रोजची कामं. तुमच्याकडे वॉश पेटवत असतील तर सगळ्यात आधी ते हलवायला सांगा, नाहीतर पाण्याच्या वॉशवर जा आणि ओव्हनला सुकवा.

गुरुवार. आपल्याकडे एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी, शेड बंद, ब्लोअर बंद, आणि बुधवारी रात्री कोणीतरी डे टँकचा (मशिनजवळच्या अमाईनच्या छोट्या टाकीचा) व्हॉल्व्ह पूर्ण बंद केलेला नसतो. थेंब थेंब पिटमध्ये. शुक्रवारी सकाळी पहिला माणूस येतो, मेन स्विच टाकतो, तिथला पॅनल साधा असेल तर ठिणगी तिथंच. म्हणून शुक्रवारी सकाळचा माझा क्रम ठरलेला असायचा: आधी सगळी शटर उघडायची, मग मीटरनं पिट तपासायचा, इथं एलईएल मीटर बरोबर हत्यार आहे, मीटर दोरीनं पिटच्या तळापर्यंत सोडायचा, वरून बघून उपयोग नाही, मग एक्झॉस्ट ब्लोअर, आणि मग बाकीचे स्विच. ब्लोअर गेला की गॅसिंग आपोआप बंद, हा इंटरलॉक मशिनला असतोच, पण बऱ्याच ठिकाणी "सारखं ट्रिप होतंय" म्हणून इलेक्ट्रिशियननं बायपास केलेला असतो. पॅनल उघडून घ्या आणि बघा. अमाईन युनिटजवळचे दिवे, मोटर, स्विच फ्लेमप्रूफ पाहिजेत, टेंपरेचर क्लास (पृष्ठभाग किती तापू शकतो त्याची प्रतवारी) टी-३ तरी, कारण याची वाफ नुसत्या गरम पृष्ठभागावर सव्वादोनशे-अडीचशे डिग्रीच्या आसपास ठिणगीशिवायही पेट घेते.

ड्रमबद्दल. मशिनच्या मागे ड्रम उभा करणं बंद, यात "डिपेंड्स" नाही. अमाईनचं स्टोअर मुख्य शेडच्या बाहेर, सावलीला, खालच्या बाजूला हवा खेळेल अशा जाळ्या, भोवती कट्टा, सगळ्यात मोठा ड्रम पूर्ण सांडला तरी मावेल आणि वर थोडं उरेल एवढा. त्याच स्टोअरमध्ये पार्ट टू ठेवायचं नाही, अमाईन आणि आयसोसायनेट एकत्र आले की रिॲक्शन तापते आणि सुटते, कोअर बॉक्समध्ये जे मापात होतं ते तिथं मापाबाहेर होईल. स्क्रबरचं सल्फ्युरिक ॲसिडही लांब. हे दोन नियम मोडलेले मी सगळ्यात जास्त पाहिलेत, कारण "सगळी केमिकल एका ठिकाणी" हे स्टोअरवाल्याला नीटनेटकं वाटतं.

बुच उघडताना घाई नाही. ड्रम उन्हातून आला असेल तर आधी सावलीत थंड होऊ द्या, वरचं झाकण फुगलंय का हात फिरवून बघा. अर्थिंगचा क्लॅम्प आधी लावायचा, रंगावर नाही, खरवडून उघड्या लोखंडावर, कट् असा दात बसला पाहिजे. मग छोटं बुच पितळी पान्यानं पाव आटा, तोंड बाजूला, फुस्स आवाज थांबेपर्यंत थांबा, मग पुढे. पितळी पाना ठिणगीसाठी ठीक आहे, पण लाईनमध्ये पितळी व्हॉल्व्ह किंवा तांब्याची नळी टाकू नका, अमाईन ती खातं, एक दिवस आटा हातात येतो. स्टीलचं फिटिंग, टेफ्लॉनची पॅकिंग. व्हायटॉनची ओ-रिंग महागातली म्हणून चांगली असं समजून टाकतात, अमाईनला व्हायटॉन अजिबात चालत नाही, फुगून मऊ पडते.

काही ठिकाणी कॉम्प्रेस्ड एअर मारून ड्रममधून अमाईन वर ढकलतात. तुमच्याकडे असं असेल तर आजच थांबवायला सांगा. ड्रम प्रेशरसाठी बनवलेला नसतो आणि तुम्ही स्वतःहून आत हवा आणि वाफेचं मिश्रण तयार करताय. नायट्रोजन किंवा योग्य पंप. प्लॅस्टिकच्या कॅनमधून वाहून नेणं पण नको, स्टॅटिकला जायला वाट राहत नाही. आणि रिकामा ड्रम भरलेल्यापेक्षा वाईट, कारण भरलेल्यात हवेला जागाच नसते. गॅस कटरनं रिकामा ड्रम कापून पाण्याची टाकी करायची हौस आपल्याकडे फार आहे. बुच लावून, लेबल न काढता, अधिकृत रिसायकलरकडेच द्यायचा, भंगारात नाही.

सांडलं तर: आधी ज्योती आणि गॅसिंग बंद, माणसं वाऱ्याच्या वरच्या बाजूला, आणि कोरडी वाळू. वाळू काय, तुमच्याकडे ढीग आहे, पण ताजी कोरडी वाळू घ्या, मिक्सरमधली रेझिन लावलेली नाही, त्यात पार्ट टू असतं. भिजलेली वाळू झाकणाच्या डब्यात भरून बाहेर काढायची, कोपऱ्यात ढीग करून ठेवली तर ती तिथूनही उडतच राहते. कोणी हुशारी करून वरून ॲसिड ओतायला निघाला तर हात धरा, उष्णता एकदम सुटते आणि वाफेचा लोट उठतो. पेटलं तर छोट्या आगीला ड्राय पावडर किंवा सीओटू, मोठ्याला अल्कोहोल रेझिस्टंट फोम. पाण्याचा सरळ फवारा मारू नका, टीईए पाण्यापेक्षा बरंच हलकं आहे, आणि साधारण १८-१९ डिग्रीच्या वर ते पाण्यात पूर्ण मिसळतही नाही, वर तरंगतं आणि पेटतं पेटतं गटारीतून शेडच्या पुढच्या भागापर्यंत जातं. पाणी शेजारचे ड्रम थंड ठेवायला वापरा. साधा कापडी मास्क किंवा एन-९५ वाफेला काहीच करत नाही, अमाईन-अमोनियासाठीची कार्ट्रिज लागते, आणि मोठी गळती असेल तर कार्ट्रिजवरही भरवसा नको, तिथं बाहेर पडायचं आणि श्वसनाचा सेट असलेल्यांना बोलवायचं. डोळ्यात थेंब गेला तर पाणी, निदान पंधरा मिनिटं, पापण्या उघड्या धरून, आणि तसंच हॉस्पिटलला. याला वेळ घालवायचा नाही, द्रव टीईए डोळा जाळतं.

स्क्रबरचं थोडक्यात. आत पातळ सल्फ्युरिक ॲसिड फिरतं, ते अमाईन पकडून मीठ बनवतं आणि मिठाला वास नसतो. ॲसिड संपत आलं, पीएच वर गेला की पकड सुटते. बहुतेक ठिकाणी तीन-चारच्या खाली ठेवतात, तुमच्या स्क्रबरच्या मेकरनं दिलेला आकडा असेल तो पाळा. पीएच मीटरचा प्रोब त्या घाणीत लवकर मरतो आणि मग पॅनलवर महिनाभर एकच आकडा दिसतो, म्हणून शिफ्टला एकदा पीएच पेपर बुडवून बघायचा, दोन मिनिटांचं काम. मीठ साचून नोझल चोक होतात तेही बघा. आणि ते वापरलेलं पाणी ईटीपीला (कंपनीच्या सांडपाणी शुद्धीकरणाला) गेलं आणि तिथं चुना किंवा कॉस्टिक टाकलं की अमाईन परत मोकळं होतं, मग वास कोअर शॉपमधून नाही तर ईटीपीतून यायला लागतो आणि सगळे चुकीच्या ठिकाणी शोधत बसतात.

आता हे सगळं वर कसं सांगायचं, तुम्ही नवीन आहात. भांडायला जाऊ नका, वही आणि कन्झम्प्शन घेऊन जा. महिन्याला किती टन वाळू मारली आणि किती किलो अमाईन गेलं, हा रेशो स्टोअरच्या रजिस्टरमधून काढता येतो, एक टन वाळूला साधारण एक किलोच्या आगेमागे असतो, कोअरचा आकार आणि मशिन बघून बदलतो. तुमचा बराच वर असेल तर तो पैसा हवेत जातोय आणि ही भाषा प्लांट हेडला लगेच कळते. रेझिन सप्लायरच्या टेक्निकल माणसाला बोलावून गॅसिंग-पर्ज सेट करून घ्या म्हणावं, ते बहुतेक वेळा येतात. डोळ्यांची वही सेफ्टी कमिटीत ठेवा. आणि तरीही कोणी ऐकलं नाही तर भोपाळनंतर १९८७ साली फॅक्टरी ॲक्टमध्ये बदल करून कामगाराला धोका दिसला की मॅनेजमेंटला आणि इन्स्पेक्टरला कळवायचा हक्क दिला होता, २०२० च्या नव्या कामगार सुरक्षा कोडमध्येही तो आहे. राज्यात हे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय बघतं, डिश म्हणतात ते. पण बहुतेक वेळा रेशोचा कागदच काम करून जातो, असा माझा अनुभव.

राहिला आईचा प्रश्न. वास कपड्यात आणि केसात बसतो, खोटं नाही. कामाचे कपडे कंपनीतच ठेवा, निघताना आंघोळीची सोय असेल तर करा, आणि ते कपडे घरच्या बाकी कपड्यांबरोबर भिजवू नका. धुताना पहिल्या पाण्यात थोडं व्हिनेगर टाकलं की वास बराच जातो, स्क्रबरचंच तत्त्व. द्रव सांडलेला कपडा मात्र घरी न्यायचाच नाही, अंगावर सांडलं की तिथंच काढून खूप पाण्यानं धुवायचं, कातडीतूनही ते आत जातं. आणि लेबलवर कोणतं अमाईन आहे आणि वास रॅकजवळ जास्त आहे का मशिनजवळ, हे कळवा, मग पर्जचं सेटिंग किती ठेवायचं ते बोलता येईल.